पुटकुळ्यांचे औषध : आधी वाचा, मग लावा

आमच्या साक्षरता वर्गात एक बाई येतात. दिवसभर शेतात खुरपतात आणि रात्री पाटी घेऊन पहिल्या ओळीत बसतात. गेल्या वर्षी त्यांच्या थोरल्या मुलीच्या तोंडावर पुटकुळ्या आल्या. मुलगी दहावीत. शाळेत पोरी चिडवू लागल्या. ती ओढणीने तोंड झाकून जाऊ लागली. पुढे पुढे शाळेत जायलाच नको म्हणू लागली. आईचा जीव तुटायचा.

शेजारणीच्या घरी एक रिकामी ट्यूब पडली होती. शेजारीण म्हणाली, "आमच्या सूनबाईला हिनं आठ दिवसांत फरक पडला बघा." बाई ती रिकामी ट्यूब घेऊन तालुक्याला गेल्या. दुकानदाराला म्हणाल्या, "असलीच एक द्या." त्याने दिली.

आठ दिवसांत चेहरा खरोखर साफ दिसू लागला. थोडा उजळलादेखील. मायलेकींना आनंद झाला. एकामागून एक ट्यूब आणली. दोन महिने असे गेले. मग मात्र निराळेच झाले. मलम एक दिवस चुकले की तोंड लालभडक होई. आग आग होई. आणि पुटकुळ्या पहिल्याच्या दुप्पट येत. शेवटी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी ट्यूब हातात घेतली. तिच्यावरची बारीक अक्षरे वाचली. म्हणाले, "अहो, हे पुटकुळ्यांचं औषध नव्हेच. यात स्टिरॉइड आहे."

बाई दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या. आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, त्या ट्यूबवर सगळं लिहिलं होतं. मला वाचता येत नव्हतं, एवढंच."

त्यांचे हे बोलणे आमच्या मनात घर करून राहिले. म्हणून हा पाठ लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. औषध कोणते घ्यायचे हे डॉक्टरांनीच सांगावे. पण सांगितलेले औषध कसे लावायचे, किती दिवस लावायचे आणि ट्यूबवर काय वाचायचे, हे मात्र आपण प्रत्येकाने शिकले पाहिजे.

पुटकुळ्या का येतात?

यांना कोणी मुरूम म्हणतात. कोणी पुटकुळ्या म्हणतात. पुस्तकात तारुण्यपीटिका असे नाव आहे. नावच सांगते, की हा तरुणपणाचा विकार आहे. पण तो तिशीचाळिशीतही होतो. बायकांना तर बऱ्याच वेळा होतो.

आपल्या कातडीला बारीक बारीक छिद्रे आहेत. त्या छिद्रांतून केस उगवतो. केसाच्या मुळाशी तेलाची एक इवलीशी पिशवी असते. ती थोडे थोडे तेल सोडते. त्याने कातडी मऊ राहते. वयात येताना मुलांच्या आणि मुलींच्याही अंगात काही रस वाढतात. त्यांना संप्रेरके म्हणतात. त्यांच्यामुळे तेल जास्त सुटू लागते. त्याच वेळी कातडीचा मेलेला भुसा छिद्राच्या तोंडाशी साठतो. तेल आणि भुसा मिळून बूच बसते. गटाराचे तोंड तुंबले की मागे पाणी साठते ना? तसेच इथे तेल साठते.

आपल्या प्रत्येकाच्या कातडीवर एक जंतू राहतो. एरवी तो उपद्रव करीत नाही. त्याला हवा मानवत नाही. छिद्र बंद झाले की त्याचे फावते. साठलेल्या तेलावर तो पोसतो आणि वाढतो. मग तिथली कातडी सुजते, लाल होते, पू धरते. हीच पुटकुळी.

आता लोक काय काय म्हणतात ते पाहू. कोणी म्हणते, रक्त बिघडले. कोणी म्हणते, मुलगी तोंड धूत नाही. कोणी तर म्हणते, लग्न झाले की आपोआप जातात. यातले काहीही खरे नाही. रक्त बिघडलेले नसते. मळ हे कारण नव्हे. दिवसातून दहा वेळा साबण लावला तर कातडी कोरडी पडून उलट त्रास वाढतो. आणि लग्नाची वाट पाहत बसले तर तोवर तोंडावर कायमचे खड्डे पडतात. डोक्याला चापून तेल लावले आणि ते कपाळावर ओघळले, तर मात्र कपाळावर पुटकुळ्या वाढतात. एवढे सांभाळावे.

जेल म्हणजे काय?

'जेल' म्हटल्यावर आमच्या वर्गात हशा पिकला. एक आजोबा म्हणाले, "गुरुजी, आम्ही काय गुन्हा केला?" हे जेल निराळे. मलम तेलकट असते. जेल पाणीदार असते, पातळ खळीसारखे. ते लावले की लवकर वाळते. तेलकट कातडीला ते बरे पडते.

पुटकुळ्यांसाठी डॉक्टर पुष्कळदा क्लिंडामायसीन नावाच्या औषधाचे जेल देतात. त्याच्या खोक्यावर बहुधा १ टक्का असे लिहिलेले असते. म्हणजे शंभर भागांत एक भाग औषध. क्लिंडामायसीन हे अँटिबायोटिक आहे. मराठीत याला प्रतिजैविक म्हणतात. याच्या जन्माची कथा गमतीची आहे. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात लिंकन नावाचे शहर आहे. तिथल्या मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून लिंकोमायसीन हे औषध मिळाले. त्यात रसायनशास्त्रज्ञांनी थोडा फेरफार केला, तेव्हा क्लिंडामायसीन तयार झाले. म्हणजे पायाखालच्या मातीतच हे औषध दडले होते!

हे औषध काय करते? जंतूला जगायला आणि वाढायला अंगात प्रथिने तयार करावी लागतात. क्लिंडामायसीन त्याचा तो कारखानाच बंद पाडते. जंतूंची वाढ थांबते. सूजही उतरते.

एकट्याने लावू नये

इथे एक मोठी गोष्ट आहे. शेतकऱ्यांना ती चटकन कळेल. एकच कीडनाशक वर्षानुवर्षे फवारले तर काय होते? आधी कीड मरते. पण एखादी चिवट कीड वाचते. तिचीच पिल्ले वाढतात. मग त्या फवाऱ्याला कोणतीच कीड दाद देत नाही. जंतूंचेही तसेच आहे. नुसते अँटिबायोटिक महिनोन् महिने लावले, तर चिवट जंतू मागे उरतात आणि तेच वाढतात. औषध तेच, ट्यूब तीच, पण गुण येत नाही.

हा इशारा नवा नाही. पेनिसिलीन हे औषध अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनमध्ये सापडले. त्याबद्दल १९४५ साली त्यांना दुसऱ्या दोघा शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या भाषणातच त्यांनी बजावले, की औषध अपुरे घेतले तर जंतू त्याला पुरून उरतील. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारने पेनिसिलीनसाठी कारखाना काढला. तेव्हा अशी औषधे मिळणे हेच मोठे भाग्य होते. आज ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. म्हणूनच ती जपून वापरायची.

हे नुकसान एका चेहऱ्यापुरते राहत नाही. आपल्या कातडीवर गळवे करणारे दुसरे जंतूही असतात. तेही निर्ढावतात. ते हाताने, टॉवेलने घरच्यांकडे जातात. क्लिंडामायसीन हेच औषध हाडात किंवा मांसात पू झाला तर डॉक्टर पोटातून वा शिरेतून देतात. उद्या घरात कोणाला तशी पाळी आली आणि औषध चालले नाही, तर काय करायचे? चेहऱ्यावरच्या चार पुटकुळ्यांपायी ते हत्यार बोथट करायचे का?

यावर उपाय आहे. डॉक्टर क्लिंडामायसीनबरोबर बेंझॉईल पेरॉक्साइड नावाचे औषध देतात. काही ट्यूबमध्ये दोन्ही एकत्रच असतात. बेंझॉईल पेरॉक्साइड छिद्रात प्राणवायू सोडते. हवा न मानवणारा जंतू त्याने मरतो. हे अँटिबायोटिक नव्हे, आणि याला जंतू निर्ढावत नाहीत. कधी डॉक्टर ॲडापलीन नावाचे औषध जोडीला देतात. ते छिद्राचे बूच मोकळे करते. तेव्हा डॉक्टरांनी दोन ट्यूब दिल्या तर "एवढ्या कशाला?" म्हणून एक परत करू नका. आणि एकच दिली तर विचारा, "डॉक्टर, याच्या जोडीला दुसरं काही लागेल का?" विचारण्यात लाज नाही.

कसे लावावे?

पहिल्यांदा हात धुवावेत. मग साध्या पाण्याने व सौम्य साबणाने तोंड धुवावे. घासू नये. स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावे. पाच-दहा मिनिटे थांबावे. ओल्या कातडीवर औषध जास्त झोंबते.

मग वाटाण्याच्या दाण्याएवढे जेल बोटावर घ्यावे. सगळ्या तोंडाला एवढे पुरे होते. कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटी इथे एकेक ठिपका ठेवावा. हलक्या हाताने पातळ पसरावे. बरेच लोक नेमक्या पुटकुळीवरच थेंब ठेवतात. ते चूक आहे. शेजारच्या छिद्रात उद्याची पुटकुळी तयार होत असते. तिथेही औषध पोचले पाहिजे. म्हणून पुटकुळ्या येणारी सगळी जागा घ्यावी. जाड थर लावल्याने गुण लवकर येत नाही. नुसती आग होते. सावळ्या कातडीवर अशी आग झाली की काळे डाग मागे राहतात.

डोळे, ओठ, नाकपुड्या आणि तोंडाचा आतला भाग यांना जेल लागू देऊ नये. डोळ्यात गेले तर भरपूर पाण्याने धुवावे. जखमेवर, चरचरलेल्या कातडीवर लावू नये. लावून झाल्यावर पुन्हा हात धुवावेत.

दिवसातून एकदा लावायचे की दोनदा, सकाळी की रात्री, हे चिठ्ठीत असते. तसेच करावे. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट लावू नये. बेंझॉईल पेरॉक्साइड किंवा ॲडापलीन असेल तर ऊन बाधते. शेतावर, रस्त्यावर काम करणाऱ्यांनी डोक्यावरून पदर, टोपी किंवा उपरणे घ्यावे. बेंझॉईल पेरॉक्साइडने रंगीत कपड्याचा रंग उडतो. रात्री उशीला जुना पांढरा अभ्रा घालावा. नवी ओढणी जपावी.

पुटकुळ्या नखाने फोडू नयेत. फोडल्याने पू खोल जातो आणि खड्डा पडतो. लिंबू चोळू नये. दात घासण्याची पेस्ट लावू नये. त्याने कातडी भाजल्यासारखी होते.

किती दिवस लावावे?

जेल लावले आणि सकाळी चेहरा साफ, असे होत नाही. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यात थोडी कोरड, थोडी साले निघणे, थोडी चुरचुर होऊ शकते. त्याने घाबरून औषध टाकू नये. फार झाले तर डॉक्टरांना विचारावे.

म्हणजे धीर हवा. पण धीर म्हणजे अखंड चालू ठेवणे नव्हे. क्लिंडामायसीनचे जेल साधारण बारा आठवड्यांपलीकडे आपल्या मनाने लावू नये. तीन महिने झाले की डॉक्टरांना चेहरा दाखवावा. सूज ओसरली असेल तर ते बहुधा अँटिबायोटिक थांबवतात आणि दुसरे औषध पुढे चालू ठेवतात. संपली ट्यूब की आण दुसरी, असे वर्षभर करू नये. त्याचप्रमाणे आठ दिवस लावून सोडून देऊ नये, आणि दोन महिन्यांनी उरलेली ट्यूब पुन्हा काढू नये.

आपली ट्यूब बहिणीला, मैत्रिणीला देऊ नये. पुटकुळ्या सारख्या दिसल्या तरी दुखणे सारखे असेलच असे नाही.

कोणी आधी सांगावे, कोणी लगेच थांबावे?

ज्यांना पूर्वी आतड्याची सूज, रक्ताचे जुलाब किंवा अँटिबायोटिकमुळे मोठे जुलाब झाले असतील, त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे. त्यांना क्लिंडामायसीन देत नाहीत. गरोदर बाईने, मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने तसे सांगावे. ॲडापलीन गरोदरपणात टाळतात. आधीच एरिथ्रोमायसीन नावाचे औषध चालू असेल तर तेही सांगावे. ही दोन औषधे एकमेकांच्या आड येतात.

जेल लावल्यावर डोळे, ओठ वा जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर जेल ताबडतोब धुवून टाकावे आणि तडक दवाखाना गाठावा. आणखी एक त्रास आहे. तो क्वचितच होतो, पण माहीत असावा. पाण्यासारखे फार जुलाब होऊ लागले, शौचातून रक्त पडले, पोटात कळा आल्या, तर जेल बंद करावे आणि डॉक्टरांना दाखवावे. जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने घेऊ नये. तोंडाला लावलेल्या औषधाचा पोटाशी काय संबंध, असे वाटेल. पण थोडे औषध कातडीतून आत जाते.

खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडू लागले असतील, किंवा मुलीची पाळी अनियमित असून हनुवटीवर दाट केस येत असतील, तर नुसत्या जेलवर भागत नाही. अशा वेळी लवकर डॉक्टरांकडे जावे.

ट्यूबवर काय वाचावे?

आता पहिल्या गोष्टीकडे येऊ. त्या बाईंच्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होते. स्टिरॉइड हे काही वाईट औषध नव्हे. योग्य रोगात ते मोलाचे आहे. पण पुटकुळ्यांवर ते लावले की सूज दबते, कातडी उजळ दिसते आणि माणूस फसतो. आत कातडी पातळ होत जाते. मग औषध सोडवत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची कितीतरी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. पण रिकामी ट्यूब दाखवून "असलीच द्या" म्हणणारे आपणच असतो. जे असे मलम महिनोन् महिने लावत असतील त्यांनी घाबरू नये. कसे सोडायचे ते डॉक्टरांना विचारून सोडावे.

ट्यूब हाती आली की चार गोष्टी वाचाव्या.

पहिली, आतल्या औषधाचे नाव. मोठ्या अक्षरांत कंपनीने ठेवलेले नाव असते. त्याच्या खाली बारीक अक्षरांत खरे औषध असते. बारीक अक्षरेच वाचायची. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसले तर ते स्टिरॉइड समजावे. तोंडाला लावू नये.

दुसरी, मुदत. इंग्रजीत ई, एक्स, पी ही तीन अक्षरे शोधावी. त्यांच्यापुढे महिना आणि वर्ष असते. ते उलटले असेल तर औषध घेऊ नये.

तिसरी, लाल रेघ. खोक्यावर लाल रेघ असली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचे.

चौथी, ठेवायची कशी. चुलीजवळ, उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. पोरांच्या हाती लागू देऊ नये. काही ट्यूब उघडल्यावर थोडेच महिने चालतात. उघडली त्या दिवशीची तारीख खोक्यावर लिहून ठेवावी.

इंग्रजी येत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्यावे आणि आपल्या वहीत मराठीत लिहून ठेवावे. पुढच्या वेळी वही दाखवावी. रिकामी ट्यूब दाखवू नये.

त्या मुलीचे पुढे काय झाले? डॉक्टरांनी स्टिरॉइड सोडवले. मग तीन महिने क्लिंडामायसीन आणि बेंझॉईल पेरॉक्साइड दिले. आता नुसते बेंझॉईल पेरॉक्साइड चालू आहे. गालावर काही डाग अजून आहेत, पण ओढणी तोंडावरून खांद्यावर आली आहे. मुलगी दहावी पास होऊन कॉलेजात जाते.

आणि आई? गेल्या महिन्यात त्या औषध आणायला गेल्या. दुकानदाराने ट्यूब पुढे केली. बाईंनी ती उलटी केली. बोट ठेवून एकेक अक्षर लावले. मग म्हणाल्या, "दादा, हिची मुदत मागच्या महिन्यातच संपली की." दुकानदाराने मुकाट्याने दुसरी काढून दिली. ही हकीगत त्यांनी वर्गात सांगितली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही चाळीस वर्षे शिकवले. पण इतका चांगला निकाल आम्हाला क्वचितच मिळाला.

लक्षात ठेवा

औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्या.
अँटिबायोटिक जेल एकटे लावू नका. जोडीचे औषध विचारा.
वाटाण्याएवढे घ्या, पातळ लावा, सगळ्या जागेवर लावा.
सहा ते आठ आठवडे धीर धरा. बारा आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवा.
आपली ट्यूब दुसऱ्याला देऊ नका.

आता हे करा

घरात औषधाची जी ट्यूब असेल ती आणा. तिच्यावरचे औषधाचे नाव आणि मुदत वहीत लिहा. मुदत संपली असेल तर ती वापरू नका. उद्या वर्गात सगळ्यांना वाचून दाखवा.